जखमेवर रेशमी फुंकर

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी मी जन्मात विसरायची नाही. वसुबारसेच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. सहामाहीचे पेपर तपासून मला दुसऱ्या दिवशी शाळेत द्यायचे होते, आणि इकडे चकलीची भाजणी भिजवून ठेवलेली. "तू बस पेपर घेऊन, मी तळते," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं वय अडुसष्ट. मी एकदा "नको" म्हटलं, दुसऱ्यांदा काही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं.

अर्ध्या तासानं भांडं आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ त्यांची किंकाळी. झारा निसटला होता, तो सावरायला गेल्या तर कढई कलली आणि कडकडीत तेल डाव्या हातावर, पार मनगटापासून कोपरापर्यंत.

पुढे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगितलंच पाहिजे. न्हाणीघरातून टूथपेस्टची ट्यूब आणली आणि हातभर थापली. मी बी. ए. झालेली, चार पोरांना शिकवणारी बाई! त्यांच्या हातातली पाटली आधी काढावी एवढंही सुचलं नाही. हात सुजला आणि दवाखान्यात ती पाटली कापून काढावी लागली. ती त्यांच्या आईनं दिलेली होती.

भंडाऱ्याहून रातोरात नागपूर गाठलं. बरीचशी भाजलेली जागा आपोआप भरून येण्यासारखी होती, पण मनगटाजवळ भाजणं खोल गेलेलं. तिथे मांडीची पातळ कातडी काढून लावावी लागली. पंधराएक दिवसांनी आम्ही घरी आलो, आणि घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. ती होती पट्टी बदलण्याची.

चिकटलेली पट्टी

तुमच्यापैकी कुणी घरातल्या माणसाचं असं दुखणं काढलं असेल तर तुम्हांला ठाऊक असेल. जखमेतून पाणी सुटतं, ते जाळीच्या पट्टीत मुरतं आणि वाळतं. मग पट्टी आणि जखम एकजीव होतात. पट्टी काढायची म्हणजे ती ओढायची, आणि ओढली की तिच्याबरोबर नुकती धरलेली कोवळी कातडीही निघून येते.

सलाइनच्या पाण्यानं पट्टी नीट भिजवून, सुटी होऊ देऊन मगच काढायची, असं सिस्टरनी मला दाखवून दिलं होतं. पण एक दिवस शाळेला उशीर होत होता. मी दोन मिनिटं भिजवली आणि ओढली. हातावर रक्ताचे थेंब मोत्यांसारखे उभे राहिले. सासूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी हात मागे घेतला आणि हळूच म्हणाल्या, "उद्यापासून सिस्टरच येऊ देत."

बारा वर्षांच्या संसारात त्यांनी मला पुष्कळ बोल लावले असतील, पण ते वाक्य जितकं लागलं तितकं दुसरं कुठलंच लागलं नाही.

तपासणीला गेलो तेव्हा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना मी हे सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अहो ताई, पट्टी ओढून काढली की जखम पुन्हा मागे जाते. चांगली पट्टी कोणती? जी जखम झाकते, ओल राखते आणि निघताना काही घेऊन जात नाही. आता तर रेशमापासूनसुद्धा अशा पट्ट्या करतात."

मला वाटलं थट्टाच करताहेत. रेशीम! जे आपण महालक्ष्म्यांना नेसवतो, जे सोवळं म्हणून वेगळ्या दोरीवर वाळत घालतो, ते जखमेवर? घरी आल्यावर आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं, वाचनालयात बसले, मिळेल ते वाचलं. जे कळलं ते तुमच्यापुढे मांडते आहे.

ओल हवी, डबकं नको

रेशमाकडे वळण्याआधी एक जुना समज बाजूला सारायला हवा. "जखम उघडी ठेवा, वारा लागू द्या, सुकली की बरी होते," असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. खपली धरली की आपण सुटकेचा नि:श्वास टाकतो.

१९६२ साली जॉर्ज विंटर या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञानं डुकरांच्या कातडीवरच्या उथळ जखमांचा अभ्यास केला. काही जखमा उघड्या ठेवल्या, काहींवर साधा पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं आली. कारण साधं आहे. नव्या कातडीच्या पेशी कडेकडेनं सरकत येतात. वर कडक खपली असली की त्यांना तिच्याखालून वाट खणत यावं लागतं. ओलसर पृष्ठभागावरून त्या सरळ पुढे येतात.

पण ओल म्हणजे डबकं नव्हे. पाणी साचलं की कडेची चांगली कातडीही पांढरी पडून फुगते. पट्टीनं जादा पाणी शोषायचं, वाफ बाहेर जाऊ द्यायची, हवा आत येऊ द्यायची, जंतूंना मात्र दारातच अडवायचं. आणि हे सगळं करून जखमेला चिकटायचं नाही. एवढी कामं एका पट्टीकडून करून घ्यायची म्हणजे आपल्यासारख्या गृहिणीचीच नेमणूक करायला हवी!

यावर आपल्या मुंबईत फार सुरेख काम झालेलं आहे. वाडिया बाल रुग्णालयात भाजलेल्या मुलांवर उपचार करणाऱ्या डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली जाळीच्या कापडावर लावून, निर्जंतुक करून त्यांच्या पट्ट्या केल्या. त्यांचा लेख १९८५ साली भाजण्यावरच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सायनच्या रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली आणि २००३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. साल काय किंवा पान काय, गुण एकच. ओल राखायची आणि न चिकटता अलगद निघायचं. केळीच्या पानावरून भात कसा सरकतो ते आपल्याला का सांगायला हवं!

मात्र हे रुग्णालयात, निर्जंतुक करून केलेलं काम आहे. स्वयंपाकघरातली साल उचलून जखमेवर ठेवायची नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

एका धाग्यात दोन पदार्थ

आता रेशीम. तुतीच्या पाल्यावर वाढणारी अळी साधारण महिनाभर नुसती खात सुटते आणि मग दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती कोष विणते. एका कोषातला अखंड धागा हजार मीटरच्या आसपास भरतो. हा धागा म्हणजे अळीच्या तोंडातून आलेलं प्रथिन. आपल्या डाळीत, दुधात असतं त्याच जातीचं.

त्यात दोन पदार्थ असतात. आतला मुख्य धागा फायब्रॉइन नावाच्या प्रथिनाचा, आणि त्यावरचं डिंकासारखं वेष्टन सेरिसिनचं. कोषाच्या वजनात ढोबळमानानं तीन हिस्से फायब्रॉइन आणि एक हिस्सा सेरिसिन. कच्चं रेशीम राठ आणि निस्तेज लागतं ते या डिंकामुळे. ते साबणाच्या किंवा सोड्याच्या पाण्यात उकळलं की डिंक सुटतो आणि आपण जिच्यावर भुलतो ती झळाळी बाहेर येते.

शरीराशी रेशमाची ओळख नवी नाही. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्यानं रेशमी धाग्यानं शिवण्याबद्दल लिहून ठेवलं आहे. आजही शस्त्रक्रियेत टाके घालायला काळं रेशीम वापरतात. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी ते टाके अंगावर वागवले असतील आणि आठ-दहा दिवसांनी काढून घेतले असतील.

त्यात एक अडचण मात्र दिसली होती. डिंक पुरता न काढलेलं रेशीम शरीराला सोसत नाही, सूज येते. डिंक नीट काढून टाकलेलं फायब्रॉइन मात्र शरीर बऱ्यापैकी निमूटपणे स्वीकारतं. पुढे असंही दिसलं, की सेरिसिन वेगळं काढून, शुद्ध करून वापरलं तर तेही तसा त्रास देत नाही. दोघं एकत्र असले की कुरबूर आणि वेगळे झाले की दोघंही गुणी. आपल्याकडच्या कित्येक घरांची गोष्ट ही!

रेशीम विरघळवायचं

रेशमी कापड कापून जखमेवर लावलं म्हणजे झाली पट्टी, असं मला आधी वाटलं होतं. तसं मुळीच नाही. रेशीम आधी पुरतं मोडायचं आणि मग हव्या त्या रूपात पुन्हा घडवायचं, अशी ती रीत आहे.

कोषांचे तुकडे करून सोडियम कार्बोनेटच्या, म्हणजे आपल्या धुण्याच्या सोड्याच्या जातीच्या पाण्यात अर्धा-पाऊण तास उकळतात. डिंक पाण्यात उतरतो आणि हाताशी येतो कापसासारखा पांढरा पिंजलेला गोळा. तो धुऊन वाळवतात. आता हा गोळा साध्या पाण्यात कधीच विरघळणार नाही. विरघळला असता तर आपल्या साड्या पहिल्याच धुण्यात गेल्या असत्या! म्हणून लिथियम ब्रोमाइड नावाच्या क्षाराच्या घट्ट द्रावणात तो काही तास गरम ठेवतात. रेशमाची घट्ट वीण सुटते आणि काकवीसारखं दाट द्रव तयार होतं.

पण तो क्षार जखमेत जाता कामा नये. म्हणून हे द्रव अतिसूक्ष्म छिद्रं असलेल्या नळीसारख्या पिशवीत भरून शुद्ध पाण्यात बुडवून ठेवतात आणि पाणी पुन:पुन्हा बदलत राहतात. आपण कडवे वाल पाणी बदलत भिजवतो तसंच. क्षार बाहेर निघून जातो, प्रथिन मोठं असल्यामुळे आत राहतं. दोनेक दिवसांनी उरतं ते रेशमाचं पाणी.

इथून पुढे हवं ते करा. ताटलीत पसरून वाळवलं की पारदर्शक पापुद्रा. गोठवून त्यातली ओल काढून घेतली की ढोकळ्यासारखा जाळीदार स्पंज, जखमेचं पाणी शोषणारा. विजेच्या दाबाखाली अतिसूक्ष्म तंतू ओढले की मलमलीहून कितीतरी तलम चादर. जेलही करता येतं. शेवटी त्यावर वाफेची किंवा अल्कोहोलच्या जातीच्या द्रवाची प्रक्रिया करतात. मग प्रथिनाची वीण पुन्हा घट्ट बसते आणि पट्टी जखमेच्या पाण्यात विरघळून जात नाही. कच्चं अंडं पातळ असतं, पण एकदा उकडलं की पुन्हा पातळ होत नाही, काहीसं तसंच.

या पट्टीचा मोठा गुण असा, की ती नुसतं झाकण नसते. नव्या पेशींना ती जणू मांडव घालून देते. त्या तिच्यावर पसरतात, वाढतात. स्पंजच्या जाळीत औषध भरून ठेवलं तर ते हळूहळू जखमेत सुटतं. आणि जे रेशीम शरीरात राहतं ते कालांतरानं फुटून प्रथिनांच्या बारीक घटकांत मिसळून जातं. ओढून काढायची वेळच कमी येते. माझ्यासारख्या घाईच्या सुनांसाठी हा गुण पहिल्या नंबरचा!

मला आवडलेली आणखी एक गोष्ट. रेशीम नाहीतरी विरघळवायचंच असल्यामुळे भोक पडलेले, धागा न निघणारे टाकाऊ कोषही चालतात. आणि सेरिसिन तर धाग्याच्या कारखान्यांतून उकळलेल्या पाण्याबरोबर मोरीतच जात होतं. ते पाणी ओलावा धरून ठेवतं, म्हणून आता जपून वेगळं काढण्याचे प्रयत्न होताहेत. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच.

माणसांवरचे अनुभव

प्रयोगशाळेतली गोष्ट वेगळी आणि माणसाची जखम वेगळी. म्हणून मी मुद्दाम माणसांवर झालेले अभ्यास शोधले.

सासूबाई मला सारखं सांगत, "हाताचं बरं आहे गं, ही मांडीच जाळते." मला नवल वाटायचं. पण ते खरं असतं. कातडी पातळ सोलून काढली की मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात, आणि ती जागा मूळ भाजण्याहूनही जास्त दुखू शकते. अशी जखम सगळ्यांची सारख्या खोलीची असल्यामुळे नवी पट्टी पारखायलाही ती सोयीची पडते.

थायलंडमध्ये बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा जखमांवर सेरिसिन सोडणारी पट्टी वापरली आणि २०१४ साली निष्कर्ष छापले. नेहमीच्या औषधी जाळीपेक्षा जखमा सरासरी दोनेक दिवस आधी भरल्या, आणि सुरुवातीच्या दिवसांतलं दुखणं कमी राहिलं. त्याआधी, २०१३ साली, तिथेच भाजलेल्या २९ रुग्णांच्या ६५ जखमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भाजण्यावरच्या नेहमीच्या चांदीयुक्त मलमात सेरिसिन घातलं तेव्हा जखमा सरासरी २२ दिवसांत भरल्या. नुसत्या मलमाला २९ दिवस लागले.

चीनमधल्या संशोधकांनी फायब्रॉइनचा पापुद्रा आधी सशांवर आणि डुकरांवर वापरून पाहिला, मग ७१ रुग्णांच्या कातडी काढलेल्या जागांवर. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जखमा बाजारातल्या दुसऱ्या पट्टीपेक्षा लवकर भरल्या आणि त्रासही कमी झाले.

एक-दोन दिवसांचा फरक तो काय, असं तुम्ही म्हणाल. मीही आधी तेच म्हटलं असतं. पण त्या दोन दिवसांतली एकेक रात्र मी सासूबाईंच्या उशाशी बसून काढली आहे. कूस बदलता येत नाही आणि बदलल्याशिवाय राहवत नाही. अशा माणसाला दोन दिवस म्हणजे फार मोठे.

तरीही भाबडेपणा नको. हे अभ्यास काही डझन रुग्णांचे आहेत, हजारांचे नाहीत. नुसत्या रेशमात जंतू मारण्याची फारशी ताकद नाही, म्हणून त्यात कित्येकदा चांदी किंवा औषध मिसळावं लागतं. खोल भाजलं असेल तर कातडी लावावीच लागते, रेशमानं ते टळत नाही. मधुमेह्याच्या पायाची जखम असेल तर साखर आटोक्यात आणणं, पायावरचा भार काढणं, रक्तपुरवठा तपासणं हे आधी. पट्टी त्यानंतर.

आमच्या झाडीचा कोसा

सासूबाईंचं माहेर गडचिरोली जिल्ह्यातलं, आरमोरीकडचं. तिकडे तुतीचं नव्हे, टसरचं रेशीम. आम्ही त्याला कोसा म्हणतो. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर, उघड्या रानात ढिवर समाजातली माणसं या अळ्या वाढवतात. पाखरांना हाकलत दिवसदिवस झाडाखाली बसतात. लग्नात माहेरून आलेलं कोशाचं पातळ सासूबाई अजून पूजेला नेसतात.

त्यांच्या लहानपणी विळी लागली की त्यांची आई रेशमाची चिंधी जाळून राख जखमेत भरायची म्हणे. "तेव्हा आम्हांला काय माहीत होतं," त्या म्हणाल्या. राख काय, हळद काय, जखमेत घाण आणि जंतू जायची वाट करून देतात. पण रेशमाचा आणि जखमेचा काही संबंध आहे असं त्या बाईलाही वाटत होतं, याची मला गंमत वाटली.

या कोशात एक खास गोष्ट आहे. शरीरातल्या पेशी कुठल्याही पृष्ठभागावर आपोआप चिकटत नाहीत, त्यांना पकड लागते. तीन अमिनो आम्लांची एक ठराविक साखळी त्यांना अशी पकड देते. ब्लाउजच्या हुकाला काजं असावं तशी. तुतीच्या रेशमाच्या फायब्रॉइनमध्ये हे काजं नाही, टसरच्या फायब्रॉइनमध्ये मात्र निसर्गतःच आहे. आय.आय.टी. खरगपूरमध्ये डॉ. सुभाष कुंडू यांनी टसरवर बरीच वर्षं काम केलं. गुवाहाटीच्या आय.आय.टी.त डॉ. बिमान मंडल आसामच्या मुगा आणि एरी रेशमांकडे त्याच दृष्टीनं पाहताहेत. फक्त ही रानटी रेशमं विरघळायला फार चिवट, म्हणून आजवर बहुतेक पट्ट्या तुतीच्याच रेशमाच्या होतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही हे काम चालतं. तिथल्या डॉ. अनुया निसळ यांनी फायब्रॉइनपासून हाडाची आणि कातडीची झीज भरून काढणारे पदार्थ घडवण्यावर संशोधन केलं आहे, आणि त्यातून पुण्यातच एक कंपनीही उभी राहिली. एक मराठी बाई रेशमाकडे साडीपलीकडे बघते, याचा मला फार अभिमान वाटला.

मी हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. मला धास्ती होती, सोवळ्याचं रेशीम रक्तापुवाला लावायचं म्हटल्यावर त्यांना आवडायचं नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सोवळं म्हणजे तरी काय, स्वच्छच ना? मग जखमेहून जास्त सोवळं कुणाला लागतं?"

एवढं मात्र लक्षात ठेवा

रेशमाची पट्टी लावायची की नाही, कधी लावायची, हे डॉक्टर ठरवतील. पण त्याआधीचं पुष्कळसं आपल्याच हातात असतं. मी चुकून शिकले, तुम्ही वाचून शिका.

भाजल्याबरोबर ती जागा नळाच्या साध्या गार पाण्याच्या धारेखाली धरा. घड्याळ लावून वीस मिनिटं. बर्फ नको.

टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बटाट्याचा कीस यातलं काहीही लावू नका. डॉक्टरांना ते आधी खरवडून काढावं लागतं आणि दुखणं वाढतं.

अंगठ्या, बांगड्या, पाटल्या सूज यायच्या आत काढा. कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढू नका.

फोड फोडू नका. धुतलेल्या स्वच्छ सुती कापडानं सैल झाकून दवाखाना गाठा. कापूस थेट जखमेवर नको, त्याचे तंतू चिकटतात. फुंकरही घालू नका. फुंकरीबरोबर तोंडातले जंतू जातात.

चेहरा, हात, पाय, सांधे किंवा नाजूक जागी भाजलं असेल, आजाऱ्याच्या तळहाताहून मोठी जागा असेल, जागा पांढरी किंवा काळी पडून दुखतच नसेल, किंवा भाजलेलं माणूस लहान मूल अगर म्हातारं असेल, तर घरगुती इलाजात वेळ घालवू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

घरी पट्टी बदलायची असेल तर हात साबणानं धुवा. पट्टी चिकटली असेल तर सलाइननं चांगली भिजवा आणि ती स्वतःहून सुटेपर्यंत थांबा. बदलण्याआधी दुखण्याची गोळी द्यायची का, ते डॉक्टरांना विचारून ठेवा. "न चिकटणारी पट्टी मिळेल का?" हे विचारायलाही संकोच करू नका.

वास येऊ लागला, पू दिसला, ताप आला, भोवतीची लाली पसरू लागली तर त्याच दिवशी दाखवा.

आणि कपाटातली रेशमी साडी कपाटातच राहू द्या! तिच्यात रंग असतात, खळ असते, जर असते. जखमेवरचं रेशीम प्रयोगशाळेत शुद्ध आणि निर्जंतुक केलेलं असतं. तिचं काम वेगळं, याचं वेगळं.

सासूबाईंचा हात रेशमाच्या पट्टीनं बरा झाला असं मी सांगितलं तर गोष्ट छान जमली असती, पण ती खोटी झाली असती. तो बरा झाला मेणचट जाळीच्या साध्या पट्टीनं, औषधांनी, वरणभाताबरोबर रोज दोन अंड्यांनी (होय, डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी तीही खाल्ली) आणि वेळ जाऊ दिल्यानं. सिस्टर दहा दिवस आल्या. अकराव्या दिवशी त्यांना यायला जमलं नाही. मी वाटीत सलाइन घेऊन सासूबाईंसमोर बसले, घड्याळ काढून बाजूला ठेवलं आणि शाळेत उशिरा येते म्हणून निरोप पाठवला. पट्टी सुटायला पंचवीस मिनिटं लागली. रक्ताचा एक थेंब आला नाही. त्यांनी हात मागे घेतला नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही दोघींनी मिळून चकल्या केल्या. तळायला मी, सोऱ्या फिरवायला त्या. पेपर तसेच पडले होते. मनगटाजवळची ती लावलेली कातडी अजून थोडी वेगळ्या रंगाची दिसते. पूजेला कोसा नेसल्यावर पदर सारखा करताना त्या तिच्यावरून बोट फिरवतात आणि मला म्हणतात, "लिही गं हे सगळं कुठेतरी. दुसऱ्या कुणाची पाटली तरी वाचेल."

म्हणून लिहिलं.